विचारून सांगते

मावशी,

सांगलीहून लिहितेय. वय 28, बँकेत क्लार्क आहे. तीन वर्षांपासून एका मुलाबरोबर आहे. मे महिन्यात साखरपुडा झाला, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरलीय. तो कुपवाडला एमआयडीसीत सुपरवायझर आहे. चांगला आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला वाईट म्हणाल.

त्याच्यामुळे मी बदलले. पूर्वी काउंटरवर कुणी आवाज चढवला की माझे हातपाय गळायचे, आता मी समोरच्याला बसवून नीट समजावते. बँकवाल्यांच्या जेएआयआयबी परीक्षेचे पेपर मी दोनदा अर्धवट सोडले होते. त्याने रात्री फोनवर प्रश्न विचारून विचारून पास करून घेतलं. स्कूटी शिकवली. आणि माझ्यासाठी त्याने तंबाखूचा मावा सोडला. कॉलेजपासूनची सवय होती. आई म्हणते, पोरगा तुझ्यामुळे सुधारला.

पण नववीपासून मी दर रविवारी मिरजेला गाणं शिकायला जायची. दीड वर्ष झालं, गेले नाही. 'जाऊ नकोस' असं तो कधीच म्हणाला नाही. नुसतं विचारायचा, 'आज परत?' पुढे मलाच जावंसं वाटेना. दुपारी जेवताना तो व्हिडिओ कॉल करतो, शेजारी कोण बसलंय ते विचारतो, लोकेशन चालू ठेवायला सांगतो. काळजी वाटते म्हणतो. परवा मामेबहीण म्हणाली, 'तू हल्ली आधी फोनकडे बघतेस आणि मग हसतेस. आणि काहीही विचारलं की म्हणतेस, विचारून सांगते.' मी पुन्हा क्लासचं नाव काढलं तर तो म्हणाला, 'मी तुझ्यासाठी मावा सोडला, तुला एक क्लास सोडवत नाही?' आत्याशी बोलले, तर ती म्हणाली, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

प्रेमाने माणूस बदलतोच ना? मग मी चांगली बदलले की वाईट, हे ओळखायचं कसं?

– तारा (नाव बदललं आहे)

---

तारा,

तू आधीच बजावलंस, म्हणून मीही आधीच सांगते: मी त्याला वाईट म्हणणार नाही. तीन वर्षांच्या ओळखीपुढे माझं एका पत्रावरचं मत किती टिकणार! पण पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडखळले. ते ठिकाण तुला वाटतंय ते नाही. मी मामेबहिणीच्या वाक्यावर अडखळले. त्याकडे येतेच, आधी माव्याचं.

मावा सुटला ही फार मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नकोस. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण टपरीवर सुपारी, तंबाखू नि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून आजही हातात मिळतो. यातली सुपारी तंबाखूशिवायही कर्करोग करते. त्याच्या आधी तोंड आवळत जातं, आतली कातडी पांढुरकी, ताठर होते, तिखट खाल्लं की आग होते. दाताचे डॉक्टर एक साधी गोष्ट करून बघायला सांगतात: तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायची. तिन्ही जात असतील तर बरं. त्याला करून बघायला सांग. दोनच जात असतील तर मावा सुटला म्हणून निर्धास्त राहू नका, डॉक्टरांना दाखवा, कारण आवळलेलं तोंड आपोआप पूर्ववत होत नाही. हे तुमच्या भांडणात बसत नाही, पण लिहिल्याशिवाय मला राहवलं नाही.

तर, त्याने मावा सोडला. उत्तम केलं. पण तो सोडला कुणासाठी? तो म्हणतो, तुझ्यासाठी. अगं, तोंड त्याचं, गाल त्याचे! तू निमित्त झालीस, आणि निमित्त होणं हेही प्रेमाचं मोठं काम आहे. पण निमित्ताच्या नावावर उधारी लिहून ठेवायची नसते. त्याच्या वहीत एका बाजूला मावा आहे आणि दुसऱ्या बाजूला तुझं गाणं, आणि तो म्हणतो हिशेब सारखा झाला पाहिजे. बँकेत बसतेस ना तू? ही नोंद मांडू देशील कुणाला? एक गोष्ट माणसाला आतून कुरतडत होती. दुसरीने तुला नववीपासून मोठं केलं.

आणि आई म्हणते पोरगा तुझ्यामुळे सुधारला, त्यातही एक गोम आहे. सुधारण्याचं श्रेय तुझं असेल तर उद्या बिघडण्याचा ठपकाही तुझ्याच माथी येईल. लग्नानंतर त्याने पुन्हा टपरी गाठली तर हीच माणसं म्हणतील, हिनेच काहीतरी डोक्याला ताप दिला असणार. माझ्या डोळ्यांसमोर असे दोन संसार आहेत. त्यामुळे हे श्रेय आत्ताच गोडीने परत कर. 'आई, त्याने सोडला, त्याची हिंमत,' म्हणावं.

आता आत्याच्या म्हणीकडे. टाकीचे घाव. या म्हणीचा मला लहानपणापासून राग आहे. ती नेहमी टाकी हातात असलेल्याच्या सोयीची असते, आणि दगडाला कुणी विचारत नाही की बाबा, तुला गणपती व्हायचंय की पायरी की नुसतं नदीकाठी पडून राहायचंय.

गंमत म्हणजे मानसशास्त्रातही हीच उपमा आलीय. 1999 मध्ये स्टीफन ड्रिगोटास, कॅरिल रझबल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यांना जे सापडलं त्याला शिल्पकार मायकेलअँजेलोचं नाव दिलं. मूर्ती दगडात आधीपासूनच असते, शिल्पकार फक्त वरचं नको ते काढून टाकतो, असं तो मानायचा म्हणतात, म्हणून. जोडीदार एकमेकांना खरोखर घडवतात, हे या मंडळींना दिसलं. पण कोणतं घडवणं नात्याला मानवतं? ज्यात माणूस स्वतःच्या मनातल्या 'मी'च्या जवळ जातो ते. जोडीदाराच्या मनात तिची जी मूर्ती आहे, ती नव्हे. आत्याच्या म्हणीत नेमकं हेच गाळलेलं आहे.

आता तुझ्या पत्रातल्या गोष्टी या एका प्रश्नापुढे ठेव. काउंटरवर ठाम बोलणं, ते तुला हवं होतं का? हो. पेपर पास होणं? दोनदा फॉर्म भरलेलास, म्हणजे हवंच होतं. स्कूटी? उद्या काही बिनसलं तरी किल्ली तू परत देणार नाहीस, बघ. या तिन्ही गोष्टी तुझ्यात होत्याच, त्याने वरची ढलपी उडवली. त्याबद्दल त्याचे उपकार मान, मनापासून मान. पण रविवारी गप्प बसणारी, जेवताना डबा कॅमेऱ्यापुढे धरणारी तारा तुझ्या मनात कधी होती?

तू मिरजेची विद्यार्थिनी आहेस म्हणून टाकीपेक्षा मला जवारी आठवते, म्हणजे तार नीट घुमावी म्हणून तंबोऱ्याची घोडी घासून जुळवणं. सतारमेकर गल्लीत तू गेली असशीलच. (2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला माहेरची असल्यासारखा आनंद झाला होता, आणि माझं माहेर तर खानदेशातलं.) तिथला कारागीरही घासूनच काम करतो. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या हाडाच्या तुकड्याचा, माथा कानसेने, मग पॉलिश पेपरने, केसाइतका केसाइतका उतरवत जातो. पण कानस हातात घेण्याआधी तो एक गोष्ट विचारतो: पट्टी कुठली, म्हणजे गाणार कुठल्या सुरात? तुझी काळी चार असेल तर तारा त्या जाडीच्या, जवारी त्या सुराला बोलेल अशी. मधेमधे थांबून तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. एकदा जास्त घासलं गेलं की घोडीचं उतरलेलं हाड परत भरता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्याचा हात सावकाश चालतो. तुझ्या माणसाने तीन वर्षांत तुझी पट्टी कधी विचारली का गं?

तुझा मूळ प्रश्न, चांगली की वाईट. याचं उत्तर 'दोन्ही' असू शकतं, आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाही. आनंदीबाई जोशींचं नाव शाळेत पाठ केलं आपण. 1865 चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टरकीची पदवी, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत मृत्यू, बावीसही पूर्ण नाहीत. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांनी हट्टाने तिला शिकवलं, हेही आपल्याला माहीत असतं. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी की अमेरिकेतून तिने गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात या शिकवण्याचा जमाखर्च आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं अंगावर फेकलीत, चौदाव्या वर्षी आणखी काय काय केलंत, असं वयाच्या क्रमाने तिने लिहून ठेवलंय. आणि त्याच पत्रात ती म्हणते की तुमची ती वागणूक चांगली की वाईट हे ठरवणं अवघड आहे. मला विचाराल तर दोन्ही, असं तीच लिहिते. हेतूकडे पाहिलं तर बरोबर, कोवळ्या मनावर होणाऱ्या परिणामाकडे पाहिलं तर चूक.

विशीही न ओलांडलेली किंवा नुकतीच ओलांडलेली मुलगी, सात समुद्रापलीकडे एकटी, आणि नवऱ्याला हे लिहिते! मला तिच्या पदवीइतकंच हे पत्र मोठं वाटतं. फळ गोड लागलं म्हणून तिने मार पुसून टाकला नाही, आणि मार आठवला म्हणून फळही नाकारलं नाही. दोन्ही रकाने तिने वेगवेगळे ठेवले. तुझ्या घरात मारहाण नाही, तुलना मी त्या अर्थाने करत नाहीये. पण 'त्याने मला पास करून घेतलं' हे वाक्य 'त्याच्यामुळे माझं गाणं सुटलं' या वाक्यावर पांघरूण म्हणून घालू नकोस, एवढं तिच्याकडून घे.

आता माझी गोष्ट. पुरुषच बायकांना घासतात असं वाटायला नको, म्हणून सांगते.

आमचे हे कॅरम उत्तम खेळायचे. संध्याकाळी ऑफिस सुटलं की दोन तास मंडळात, घरी यायला साडेआठ. नवीन लग्न, मी दिवसभर एकटी, मला राग यायचा. मी 'खेळू नका' कधीच म्हटलं नाही. ताट वाढून ठेवायची आणि दारात उभी राहायची. घड्याळाकडे बघायची. कधी नुसतं, 'आज पण?' वर्षभरात कॅरम सुटला. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायची, लग्नानंतर माणूस कसा घराचा झाला. तीस वर्षांनी ते निवृत्त झाले, टेबल आवरायला मी ऑफिसात गेले, तर खणात मागच्या बाजूला रुमालात गुंडाळलेला स्ट्रायकर. मी म्हटलं, हा कशाला इथे? म्हणाले, 'असू दे गं, कागद उडत नाहीत.' पंधरा ग्रॅमचा स्ट्रायकर, तो काय कागद धरणार! मी काही बोलले नाही. रिक्षात बसल्यावर रडू आलं.

सांगायचं काय, तर 'आज परत?' हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण काही हिरावून घेतोय असं वाटतच नाही. मला वाटत नव्हतं. मी स्वतःला प्रेमळ समजत होते, आणि होतेही. त्यालाही कदाचित कळत नसेल. म्हणून त्याला सांगावं लागेल. आमच्या ह्यांनी मला कधी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं की नाही, देव जाणे. पण निदान मला ती संधी मिळाली असती.

एका बाबतीत मात्र मी त्याची बाजू घेणार नाही. रोज जेवताना व्हिडिओ कॉल, शेजारी कोण बसलंय ते दिसायला, आणि दिवसभर चालू लोकेशन. ही पाळत झाली. काळजी करणारा माणूस विचारतो, जेवलीस का. कुणाबरोबर जेवलीस, हा प्रश्न काळजीचा नाही. आणि हे लग्नाआधी, तू वेगळ्या घरात राहत असताना चाललंय. एका छताखाली आल्यावर हे आपोआप कमी होईल, ही आशा तू धरली असशील तर सोडून दे.

मामेबहिणीचं वाक्य आता पुन्हा वाच. आधी फोनकडे बघतेस, मग हसतेस. गमतीच्या गोष्टीवर माणूस आधी हसतो गं, ते आवरता येत नाही. तुला हसण्याआधी आजूबाजूची हवा तपासावी लागते. तुझ्यातला हा बदल तुझ्या यादीत नव्हता, बहिणीने दाखवला म्हणून पत्रात आला. आणि 'विचारून सांगते' हे तू कधीपासून म्हणायला लागलीस, आठवून बघ. नवऱ्याला विचारणं यात गैर नाही, आम्हीही विचारतो. पण बहिणीबरोबर चहाला जायचं की नाही यालाही परवानगी लागत असेल, तर तुझ्या दिवसाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे.

तर कर काय. येत्या रविवारी क्लासला जा. शनिवारी त्याला सांग: 'मी उद्या मिरजेला जातेय, बारापर्यंत येईन.' विचारू नकोस, सांग. मराठीत या दोन क्रियापदांत फार अंतर आहे. मग तो रुसेल, मावा काढेल, 'आज परत' म्हणेल. पहिल्या दिवशी काय म्हणतो त्याला फार महत्त्व देऊ नकोस. सवय मोडली की कुणीही कुरकुरतं, मीही कुरकुरले असते. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रविवारी काय होतं ते बघ. तो कुरकुरत कुरकुरत का होईना जागा करून देतो, की दर रविवारची किंमत सोमवार ते शनिवार वसूल करतो? लोकेशनचंही तसंच. बंद कर आणि बंद केलंय म्हणून सांग. गुपचूप बंद केलंस तर तू चोर ठरशील, आणि मग विषय लोकेशनचा राहणार नाही.

प्रेमात आपण 'हो' म्हणून बदलतो तेव्हा सगळंच छान दिसतं. 'नाही' म्हटल्यावर घरात काय होतं, त्यावरून मला कळतं.

हे करताना तुला नुसता संकोच वाटतोय की भीती, हे मात्र आधी स्वतःला नीट विचार. संकोच असेल तर रेटून कर. भीती असेल, म्हणजे तो ओरडेल, हात उचलेल, स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यायची धमकी देईल, असं पोटात येत असेल, तर हा प्रयोग एकटीने करू नकोस. बहिणीला आणि आईला आधी सांग. 181 हा महिलांसाठीचा क्रमांक आहे, तिथे नुसतं बोलायलाही फोन करता येतो. आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात फक्त मारच मोजत नाहीत, मानसिक आणि आर्थिक छळही मोजतात, हे लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीला माहीत असावं.

तारखेचं म्हणशील तर चार रविवारांचं उत्तर हातात येईपर्यंत पत्रिका छापायला टाकू नका. कार्यालयाचा ॲडव्हान्स बुडाला तर बुडू दे. आई ओरडेल. तिला माझं नाव सांग.

आणि तंबोरा गवसणीतून काढ. दीड वर्ष ठेवलायस, तारा उतरवून ठेवल्या असतील अशी आशा आहे. चढवताना एखादी तुटेल, जवळ नव्या तारा असू देत. खर्जाची पितळी तार आधी बघ, ती काळी पडली असेल.

पाकिटावर मागे बारीक अक्षरात लिहिलंयस, 'हे त्याला दाखवू का?' भीती नसेल तर दाखव, अगदी माझ्या स्ट्रायकरसकट. वाचून झाल्यावर तो पहिला प्रश्न कोणता विचारतो, तेवढं मला कळव. 'हे कुणाला विचारून पाठवलंस?' असं म्हणतो, की 'तू गाणं खरंच माझ्यामुळे सोडलंस?' असं.

– मावशी